१६९५ मिलिमीटर: नागोयात टोयोटा क्राउनच्या मागावर

नागोया स्टेशनवरून हिगाशियामा लाईनची पिवळ्या पट्ट्याची मेट्रो धरायची आणि अगदी शेवटच्या फुजिगाओका स्टेशनपर्यंत बसून राहायचं. साधारण अर्ध्या तासाचा प्रवास. मेट्रो तिथे वर पुलावर थांबते, पुढची गाडी, लिनिमो, मात्र जमिनीखालून सुटते, त्यामुळे बाहेर पडून रस्त्यावरून परत खाली उतरावं लागतं. लिनिमोला चाकं नाहीत. चुंबकाच्या जोरावर रुळापासून सुमारे ८ मिलिमीटर वर उचलली जाऊन ती धावते. २००५च्या आइची एक्स्पोसाठी ती सुरू झाली. फुजिगाओका धरून पाचवं स्टेशन गेइदाइ-दोरी. तिथे उतरून पाच मिनिटं चाललं की टोयोटाचं मोटार संग्रहालय. शनिवार-रविवारी गाडी गच्च भरते, कारण त्याच मार्गावर दोन स्टेशनं पुढे जिब्ली पार्क आहे. सोमवारी संग्रहालय बंद. म्हणून मंगळवार ते शुक्रवार, सकाळी साडेनऊला दार उघडताना पोचणं उत्तम.

संग्रहालय १९८९ साली उघडलं. जगभरातल्या गाड्या आहेत, पण आम्ही गेलो ते एका गाडीसाठी: १९५५ची टोयोपेट क्राउन, मॉडेल आरएस. ('टोयोपेट' हे टोयोटाच्या गाड्यांचं त्या काळचं नाव.) मांडणी अधूनमधून बदलते, त्यामुळे नंतरची अमुकच क्राउन दिसेल असं धरून जाऊ नये. पहिली मात्र पाहायलाच हवी, आणि तिच्यापाशी निवांत वेळ काढायला हवा.

ती पहिल्यांदा दिसते तेव्हा आश्चर्य वाटतं ते तिच्या आकाराचं. फोटोत अमेरिकन गाडीसारखी भारदस्त वाटते, प्रत्यक्षात लांबी ४२८५ मिलिमीटर आणि रुंदी १६८०. हे आकडे कुणाच्या आवडीनिवडीचे नव्हते. त्या काळी जपानी कायद्यात 'लहान मोटारी'ची मर्यादा ४.३ मीटर लांबी, १.६८ मीटर रुंदी आणि १५०० सीसी अशी होती. क्राउन त्या चौकटीत अगदी कडेपर्यंत भरून बसवली होती. इंजिन १४५३ सीसीचं, ४८ हॉर्सपॉवर. वजन १२१० किलो. गिअर तीन, दांडी स्टिअरिंगला. कमाल वेग ताशी १०० किलोमीटर. आमचं ठाम मत असं की क्राउनचा पुढचा सगळा इतिहास रुंदीच्या आकड्यात वाचता येतो. पिढी कोणतीही असो, आधी रुंदी विचारावी.

आता मधल्या खांबाजवळ जा. पुढच्या आणि मागच्या दाराची हँडलं तिथे शेजारी शेजारी आहेत. मागचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर टांगलेलं आहे, त्यामुळे दोन्ही दारं कपाटासारखी विरुद्ध दिशांना उघडतात. जपानी लोक याला 'कान्नोन-बिराकी' म्हणतात. कान्नोन देवीच्या देव्हाऱ्याची दारं अशी उघडतात, म्हणून. फायदा मागच्या सीटवरच्या माणसाला, कारण आत शिरताना दार आडवं येत नाही. तोटाही तितकाच उघड आहे. धावत्या गाडीत मागचं दार नीट लागलेलं नसेल तर वारा ते लोटून उघडतो. १९६२ला पुढची पिढी आली तेव्हा ही दारं गेली.

वाकून पुढच्या चाकांमागे पाहा. तिथे पाटे नाहीत. डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे, म्हणजे पुढची दोन्ही चाकं आपापली वरखाली होतात. मागे मात्र अखंड एक्सल आणि पाटे. १९५०च्या दशकातल्या जपानी रस्त्यांवर हे पुढचं सस्पेन्शन टिकेल का, याची कंपनीलाच खात्री नव्हती. म्हणून १ जानेवारी १९५५ला क्राउनच्या जोडीला 'मास्टर' नावाची दुसरी गाडी बाजारात आणली. इंजिन तेच, पण पुढेमागे दोन्हीकडे पाटे, खास टॅक्सीवाल्यांसाठी. क्राउनचं सस्पेन्शन टिकलं, टॅक्सीवाल्यांनी तिलाच पसंती दिली आणि मास्टरचं उत्पादन पुढच्याच वर्षी थांबलं.

या गाडीमागचा माणूस केन्या नाकामुरा. एका गाडीची आखणीपासून उत्पादनापर्यंतची जबाबदारी एकाच मुख्य अभियंत्याकडे देण्याची 'शुसा' पद्धत टोयोटात सुरू झाली ती याच गाडीपासून. काम १९५२च्या जानेवारीत सुरू झालं, म्हणजे तीन वर्षांत गाडी तयार. त्याच सुमारास निसान ऑस्टिनच्या, इसुझु हिलमनच्या आणि हिनो रेनॉच्या परवान्यावर गाड्या जोडत होत्या. टोयोटाने परदेशी हात न धरता पूर्ण गाडी स्वतः आखली. इथे उभं राहून ते आठवलं की गाडीबद्दल मनापासून आदर वाटतो.

मग ती अमेरिकेत का आपटली? ऑक्टोबर १९५७ मध्ये टोयोटाने कॅलिफोर्नियात विक्री कंपनी काढली. १९५८ सालात खपल्या २८७ क्राउन. कारण वर दिलेल्या आकड्यांवरून दिसतं: गाडी जड, इंजिन लहान. फ्रीवेवर चढायचं तर इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर ताणावं लागायचं. ते तापायचं, गाडी थरथरायची, आवाज वाढायचा. जपानात हे कळायला जागाच नव्हती. तिथला पहिला द्रुतगती मार्ग, मेइशिन, १९६३ला उघडला. ज्या वेगाचा रस्ताच देशात नाही त्या वेगाची चाचणी कुठे घेणार? १९६०च्या अखेरीस अमेरिकेतली क्राउनची विक्री थांबवली गेली. पुढच्या पिढ्या नंतर तिथे गेल्या, पण १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कायमच्या माघारी आल्या. पुन्हा क्राउन अमेरिकेत पोचली ती सोळावी, २०२३चं मॉडेल म्हणून. मधल्या पन्नास वर्षांत ही मुख्यतः जपानसाठी बनलेली गाडी होती, आणि म्हणूनच तिच्यावर जपानी कायद्याची, कराची आणि पार्किंगची इतकी स्पष्ट खूण आहे.

१९६०ला मर्यादा वाढली: ४.७ मीटर लांबी, १.७ मीटर रुंदी, २००० सीसी. दुसरी क्राउन १९६२ला आली, रुंदी १६९५. नवी मर्यादा, पुन्हा काठोकाठ. आणि मग पंचवीस वर्षं हा आकडा जवळपास हललाच नाही. (१९६४ची क्राउन एट अपवाद. २.६ लिटर व्ही-८ इंजिन आणि १८४५ मिलिमीटर रुंदी. ती वेगळ्याच घराण्यातली म्हणावी.) या आकड्यामागे कर होता. नंबरप्लेटवर वरच्या ओळीत गावाच्या नावाशेजारी जो छोटा आकडा असतो तो पाहा. ५ने सुरू होत असेल तर लहान गाडी, ३ने असेल तर मोठी. तिन्ही मापांपैकी एक जरी ओलांडलं तरी ३. १९८९पूर्वी २ लिटरच्या ५ नंबरी गाडीला वर्षाला ३९,५०० येन कर होता, ३ नंबरी झाली की ३ लिटरपर्यंत ८१,५००. दुपटीहून जास्त.

म्हणून एक गमतीची व्यवस्था रूढ झाली. १९७९च्या सहाव्या आणि १९८३च्या सातव्या पिढीत बॉडी एकच, ५ नंबरात बसणारी. वरचं मोठं इंजिन घेणाऱ्याला मोठे बम्पर आणि पट्ट्या मिळायच्या, लांबी ४६९० वरून ४८६० व्हायची. आतली जागा एक इंचही वाढत नव्हती. जुनी क्राउन रस्त्यात दिसली तर बम्पर किती पुढे आलाय ते पाहावं, इंजिन लहान की मोठं ते उघडल्याशिवाय कळतं. 'इत्सुका वा क्राउन', म्हणजे 'एक दिवस क्राउनच', ही जाहिरातीची ओळ सातव्या पिढीची. जपानमधल्या एका पिढीला ती अजून तोंडपाठ आहे.

सप्टेंबर १९८७च्या आठव्या पिढीत पहिल्यांदा खरी रुंद बॉडी आली, १७४५ मिलिमीटर. दीड वर्षात, एप्रिल १९८९ला, कर फक्त इंजिनाच्या सीसीवर बेतला गेला आणि ३ लिटरचा कर ८१,५०० वरून ५१,००० येनवर आला. नशीब आणि तयारी एकाच वेळी जुळून आल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मोटारींच्या इतिहासात आम्हाला दुसरं आठवत नाही.

चौथ्या पिढीबद्दल सांगायलाच हवं, कारण तिचं अपयश सगळ्यात शिकवणारं आहे. फेब्रुवारी १९७१. नाव 'टोयोपेट' जाऊन 'टोयोटा क्राउन' झालं, आकार गोलाकार, बम्पर बॉडीच्या रंगाचे. लोकांनी तिला 'कुजिरा', म्हणजे देवमासा, असं नाव ठेवलं. दोन गोष्टी बिघडल्या. नाकाचा आकार असा होता की वेगात रेडिएटरला पुरेशी हवा मिळत नव्हती आणि इंजिन तापायचं. दुसरं, गोल कोपऱ्यांमुळे ड्रायव्हरच्या सीटवरून गाडीचं टोक कळत नव्हतं. क्राउनचा ड्रायव्हर हा बहुधा पगारी माणूस, साहेबांना अरुंद गल्लीत दारापर्यंत सोडणारा. त्याला कोपरा दिसला पाहिजे. त्याच महिन्यात निसानच्या सेड्रिक आणि ग्लोरिया नव्या रूपात आल्या होत्या, आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. १९७४च्या पाचव्या पिढीत क्राउन परत ताठ, चौकोनी झाली.

चासीचंही सांगतो. १९६७च्या तिसऱ्या पिढीपासून क्राउन पेरिमीटर फ्रेमवर होती: खाली कडेकडेने जाणारी पोलादी चौकट आणि तिच्यावर रबरी गुटक्यांवर बसवलेली बॉडी. रस्त्याची थरथर रबरात जिरते, म्हणून आत शांत. बदल्यात वजन वाढतं. मुख्य क्राउन मोनोकॉक, म्हणजे वेगळ्या चौकटीशिवायची, झाली ती थेट १९९५च्या दहाव्या पिढीत. जुनी फ्रेमवाली क्राउन विकत घेणार असाल तर बर्फाच्या प्रदेशातली, म्हणजे होक्काइदो किंवा निइगाताकडची, असेल तर लिफ्टवर चढवल्याशिवाय हो म्हणू नका. रस्त्यावर टाकलेलं मीठ चौकटीच्या पोकळीत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरचा रंग चकचकीत असला म्हणून फसू नका. रबरी गुटके दबले असतील तर खड्ड्यात 'ठक' असा बोथट आवाज येतो.

जपानात राहणारे आपले लोक सेकंडहँड बाजारात बहुतेक बारावी, म्हणजे डिसेंबर २००३ची 'झीरो क्राउन' पाहतात. सरळ सहा सिलिंडरऐवजी व्ही-६, नवी चासी, अजूनही देखणी गाडी. २.५ आणि ३ लिटरच्या या इंजिनांत पेट्रोल फक्त थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. त्यामुळे हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल कधी वाहतच नाही, तो धुतला जात नाही, आणि क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या तळातून, येणारी तेलाची वाफ त्याच्यावर काजळीचा थर धरते. गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला आधीच सांगा. थंड सुरू करून आयडलवर दोन मिनिटं उभी ठेवा. स्टिअरिंग थरथरत असेल, फेऱ्या वरखाली होत असतील तर कॅमेऱ्याने व्हॉल्व्ह पाहायला सांगा. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या टरफलाच्या भुशाने व्हॉल्व्ह साफ करता येतात, त्या खर्चाचा अंदाज घेऊनच किंमत ठरवा. २.५ लिटरचा जुना वार्षिक कर ४५,००० येन, आणि १३ वर्षं झालेल्या पेट्रोल गाडीला सुमारे १५ टक्के जास्त. शाकेन, म्हणजे सक्तीची तपासणी, दर दोन वर्षांनी. शाकेन संपत आलेली गाडी स्वस्त दिसते ती याच कारणाने.

संग्रहालयातून बाहेर पडून लिनिमोने पुढे याकुसापर्यंत, तिथून आइची लूप लाईनने मिकावा-तोयोता. स्टेशनपासून वीस मिनिटं पायी टोयोटा काइकान, म्हणजे कंपनीचं प्रदर्शन दालन. रविवारी बंद. कारखान्याच्या फेरीसाठी आधी नाव नोंदवावं लागतं. याच शहरात १९५९ला खास प्रवासी गाड्यांसाठी मोतोमाची कारखाना उघडला आणि क्राउन तिथे बनू लागली. त्याच वर्षी कोरोमो या गावाचं नाव तोयोता झालं.

संध्याकाळी नागोयात परतल्यावर टॅक्सीच्या रांगेत नजर टाका. क्राउन कम्फर्ट आता कमी झाल्या आहेत, २०१७ला आलेल्या जपान टॅक्सीने त्यांची जागा घेतली, पण एखादी सापडते. रुंदी १६९५. आरसे दारावर नसून पुढे फेंडरवर, कारण ड्रायव्हरला मान न वळवता दोन्हीकडचं दिसतं. डावीकडचं मागचं दार ड्रायव्हर आपल्या सीटवरूनच उघडतो, त्याला हात लावू नका. गाडी एलपीजीवर चालते आणि टाकी डिकीत मागच्या सीटला लागून असते, म्हणून दोन मोठ्या बॅगा असतील तर एक पुढच्या सीटवर येणार असं समजा.

हॉटेलच्या शेजारच्या यांत्रिक पार्किंगची पाटीही वाचण्यासारखी असते. गाडी पाळण्यावर ठेवून वर उचलतात, म्हणून मापं कडक: बऱ्याच ठिकाणी रुंदी १८५०, उंची १५५०. २०१८ची पंधरावी क्राउन याच हिशेबाने १८०० वर थांबली होती. २०२२ची क्रॉसओव्हर १८४० रुंद आणि १५४० उंच. रुंदीत आणि उंचीत दहा-दहा मिलिमीटर राखून ती आत जाते. २०२३ची सेडान १८९० आहे, तिला जमिनीवरची मोकळी जागाच शोधावी लागते.