दाराशी ओले बूट

शनिवार, रात्री उशिरा

आज दिवसभर वाचन एके वाचन. सकाळी एक रोमँटिक सस्पेन्स हातात घेतली, ती संपली तेव्हा बाहेर अंधार पडला होता. लगेच दुसरी उघडली. आठवडाभर डोक्याला नुसता ताप होता, आणि त्यावर असल्या कादंबऱ्यांसारखा उतारा नाही.

तसं बघितलं तर शेवट आधीच ठाऊक असतो. दोघं एकत्र येणार, खुनी सापडणार. मग पानं उलटायची एवढी घाई का? आत्ता वाचतेय तिच्यात एक प्रसंग आहे. तो म्हणतो, ‘रात्री मी बाहेर पडलोच नाही.’ ती मान डोलावते. आणि दाराशी त्याचे बूट दिसतात, तळव्यांना ओला चिखल. ती चकार शब्द काढत नाही, नेहमीसारखं हसून बोलते. फक्त झोपताना आपल्या खोलीची कडी आतून लावून घेते. पुढच्या सगळ्या पाठलागापेक्षा त्या कडीनेच मला जास्त घाबरवलं. खुनी कोण, हे पोलीस बघतील. ज्याच्यावर जीव जडलाय त्याचे बूट निरखायची वेळ तिच्यावर आलीय.

रविवार

संपली. शेवट भिकार! गुन्हेगार निघाला कुठलासा लांबचा चुलतभाऊ, ज्याच्या वाट्याला आधी धड दोन वाक्यंही आली नव्हती. वर पकडला गेल्यावर सगळं सविस्तर कबूल करत बसतो. चिखलाचा उलगडा अर्ध्या ओळीत: कुत्रा शोधायला गेला होता म्हणे. इतका सुरेख संशय उभा करायचा आणि नायकाला धुतल्या तांदळासारखा सोडून द्यायचा, याला मी लबाडी म्हणते.

तोंडाची चव बदलायला संध्याकाळी ‘रिबेका’ पुन्हा काढली. डॅफ्ने ड्यू मॉरिएची, १९३८ची. (पुढे रहस्य फोडतेय, न वाचलेल्यांनी हा परिच्छेद टाळावा.) निवेदिकेचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, आणि मेलेल्या पहिल्या बायकोचं मात्र थेट मुखपृष्ठावर. इथे नवऱ्याने खरोखरच रिबेकाला गोळी घातलेली असते. ते ऐकून हिच्या मनात काय येतं, तर याचं तिच्यावर प्रेम नव्हतंच कधी! खून राहिला बाजूला, बाईंना हायसं वाटतं. वाचताना मलाही वाटलं, मग जरा चरकलेच. हिचकॉकने १९४०मध्ये सिनेमा केला तेव्हा तो खून अपघात झाला, कारण बायकोला मारून नवरा मोकळा सुटलेला हॉलिवूडच्या तेव्हाच्या नियमावलीत बसत नव्हता. सिनेमा देखणा आहे, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्करही मिळालं. पण त्यात हिची फार स्वस्तात सुटका होते. कादंबरीत ती सगळं कळूनही गप्प बसते आणि त्याच्या बाजूने उभी राहते. तिथे ती मला जास्त आवडते, आणि नवरा अजिबात नाही.

उद्या सोमवार. तरी नव्या कादंबरीची थोडी पानं वाचूनच झोपणार. पहिल्याच प्रकरणात नायकाने एक थाप मारलीय. लक्षण चांगलं आहे.