शर्यतीचा हार्नेस रस्त्यावर चालतो का?

सुरक्षेसाठी बसवलेली वस्तू बेकायदा कशी असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. कायदा हेतू बघत नाही. नवा भाग रस्त्यासाठी मंजूर आहे का आणि तो बसवताना मूळचं काय काढलं किंवा निकामी केलं, एवढंच तो तपासतो. सगळ्यात जास्त घोळ हार्नेसमध्ये, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर जखडणाऱ्या शर्यतीच्या सीट बेल्टमध्ये होतो, म्हणून आधी तेच घेऊ.

हार्नेसवर एफआयए (मोटरशर्यतींची जागतिक संघटना) ८८५३-२०१६ किंवा एसएफआय (शर्यतीच्या साधनांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) १६.१ असं लेबल असेल, तर तो शर्यतीसाठी पास आहे. बस्स. संयुक्त राष्ट्रांचे वाहननियम मानणाऱ्या देशांत रस्त्यासाठी रेग्युलेशन १६ ची मंजुरी लागते. तिची खूण म्हणजे वर्तुळातलं इंग्रजी ई अक्षर आणि शेजारी देशाचा क्रमांक. जर्मनीचा १, नेदरलँड्सचा ४. अमेरिकेत एफएमव्हीएसएस २०९ हे वाहनसुरक्षेचं संघीय मानक आहे, पण तिथे सरकार आधी शिक्का देत नाही, उत्पादक स्वतःच प्रमाणित करतो. दोन्हीकडे चालणारे हार्नेस मिळतात, मात्र ते ठरावीक गाडीसाठी आणि ठरावीक जागी बसवण्यासाठीच असतात. सोबतच्या कागदावर आपल्या गाडीचं मॉडेल नसेल तर त्या खुणेचा उपयोग नाही.

मुदतीचंही लक्षात ठेवा. एफआयएच्या लेबलवर वैधतेचं शेवटचं वर्ष छापलेलं असतं, एसएफआयची मुदत २ वर्षांची. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत पट्ट्याचं पॉलिएस्टर अतिनील किरणांनी कमकुवत होतं, वरून धडधाकट दिसत असलं तरी.

आता बसवण्याबद्दल. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेच्या खाली ४५ अंशांपेक्षा जास्त उतरू नयेत, शक्यतो १० अंशांच्या आतच असावेत, असं एफआयए सांगते. मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला पट्टे अडकवले की हा कोन हमखास बिघडतो आणि धडकेत पट्टा खांदे खाली ओढून मणका दाबतो. गाडीच्या तळाच्या पत्र्यात नवं भोक पाडायचं असेल तर प्रत्येक पट्ट्यामागे निदान ४० चौरस सेंटिमीटर आणि ३ मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट हवी. नुसता वॉशर पत्र्यातून उपटून येतो. साध्या चार-पॉइंट हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि शरीर त्याखालून पुढे घसरतं. हे टाळायला मांड्यांमधला पट्टा लागतो, किंवा श्रोथ या हार्नेस बनवणाऱ्या कंपनीच्या एएसएमसारखी रचना, जिच्यात एका खांद्याचा पट्टा मुद्दाम थोडा सैल सुटतो.

शिवाय हार्नेस धड जखडतो, मान नाही. शर्यतीत त्यासाठी हेल्मेट आणि मानेचा आधार असतो, बाजारात जाताना नसतो. म्हणून माझं मत साफ आहे: मूळचा तीन-पॉइंट बेल्ट, त्याचा प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारा भाग) आणि बकल जागच्या जागी ठेवा, रस्त्यावर तोच लावा, हार्नेस फक्त ट्रॅकवर.

रोल केजचं, म्हणजे गाडीच्या आत बसवलेल्या पोलादी पाइपांच्या पिंजऱ्याचं, गणित याहून कडक आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच रेग्युलेशन २१ नुसार डोकं आपटू शकेल अशा भागातल्या कडांची त्रिज्या किमान २.५ मिलिमीटर लागते आणि आघात शोषला जावा लागतो. ४५ मिलिमीटरचा उघडा पाइप त्रिज्येत बसला तरी आघात शोषत नाही. त्यावरचं शर्यतीचं कडक पॅडिंग हेल्मेट गृहीत धरून केलेलं असतं, उघड्या डोक्याला ते दगडासारखंच लागतं. मागची सीट काढली तर नोंदणीतली आसनसंख्याही बदलून घ्यावी लागते.

बकेट सीट, म्हणजे शर्यतीची खोलगट सीट, टाकताना मूळ सीटमधली साइड एअरबॅग आणि बसल्याची नोंद घेणारा सेन्सर जातो. डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा इशारा देणारा दिवा विझवायला लोक कनेक्टरमध्ये रेझिस्टर खुपसतात. हा सगळ्यात वाईट जुगाड: दिवा गप्प, एअरबॅग नाहीच, आणि तपासणीत कनेक्टर उघडला की मुद्दाम केलेलं लपवता येत नाही.

हे काम कोणी केलं, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यातलं कलम ३०१२२ विक्रेता आणि गॅरेजला सुरक्षेची उपकरणं जाणूनबुजून निकामी करायला मनाई करतं. मालकाने स्वतः केलं तर ते कलम लागत नाही, राज्याचे नियम मात्र लागतात. त्यामुळे गॅरेजवाला नाही म्हणाला तर तो आढेवेढे घेत नाही, स्वतःला वाचवतोय. जर्मनीत भागासोबत एबीई (भागाची सर्वसाधारण वापर-मंजुरी) असेल तर ती गाडीत ठेवायची आणि त्यातल्या अटी वाचायच्या, कारण काही भागांना ती असूनही तपासणी लागते. नुसतं टाइलेगुटआख्टन (भागाचा तज्ज्ञ-अहवाल) असेल तर तपासनीसाकडून गाडी पास करून घ्यावीच लागते.

हेडलाइटबद्दल थोडक्यात: फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉन किट टाकलं की प्रकाशाचा उगम सरकतो आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. बल्बवर मंजुरीची खूण असली तरी दिव्याची मंजुरी ज्या प्रकारच्या बल्बसाठी आहे तोच लागतो. तो प्रकार काचेवर किंवा दिव्याच्या मागे कोरलेला असतो, खरेदीआधी तिथे बघा.