ठाणे दाखवताना न दाखवलेली खाडी

गेली नऊ वर्षे मी रविवारी सकाळी पाहुण्यांना जुने ठाणे दाखवते. मी मूळची उदगीरची. २००३ साली नोकरीच्या निमित्ताने इथे आले, पहिली चार वर्षे कळव्यात भाड्याच्या खोलीत काढली आणि मग नौपाड्यात स्थिरावले. ज्या शहराने आपल्याला थारा दिला त्याची वाखाणणी परक्या माणसाच्या तोंडून ऐकावी, अशी ओढ मला पहिल्यापासून आहे. त्यामुळे माहेरच्या माणसांना सासरचे घर दाखवताना नवी सून जशी अडगळीच्या खोलीचे दार हळूच ओढून घेते, तशी मीही या शहराची काही दारे ओढून घेत आले होते. त्यांतले एक दार गेल्या फेब्रुवारीत नाशिकहून आलेल्या एका काकूंनी मला उघडायला लावले.

नाशिकच्या एका वसाहतीतले अकरा शेजारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आले होते. बहुतेक जण सेवानिवृत्त, साठी ओलांडलेले. गाडी पाऊण तास उशिरा आली आणि ठाणे स्थानकाच्या पुलावर रविवारीही जी गर्दी असते तिने पाहुण्यांचा निम्मा उत्साह तिथेच शोषून घेतला. माझी सुरुवात नेहमी फलाटावर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रित घेऊन, साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांच्या जोरावर ३४ किलोमीटर अंतर कापून इथे पोहोचली, हे मी सांगते आणि लोक रुळांकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतात. त्या दिवशी मात्र लोंढ्यातून वाट काढण्यापलीकडे कुणाला काही सुचत नव्हते. कौपिनेश्वराच्या मंदिरात सगळे सावरले. १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी उभारलेल्या या देवळातले शिवलिंग चार फुटांहून उंच आहे, आणि गाभाऱ्यातल्या गारव्यात त्याच्यापुढे उभे राहिल्यावर प्रवासाचा शीण उतरतो, हा माझा दर वेळचा अनुभव. त्यानंतर मासुंदा तलाव, रंगायतन, मग मिसळ आणि शेवटी १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची गोष्ट, असा माझा क्रम ठरलेला असतो.

कारागृह या क्रमात होते, पण ओझरते. ठाण्याचा किल्ला म्हणजेच आजचे मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास त्याचे बांधकाम हाती घेतले, १७३७ च्या मार्चमध्ये तो मराठ्यांनी जिंकला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. १७८७ साली याच किल्ल्यात खोदकाम करताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके ९३९ चा ताम्रपट सापडला. शिलाहारांच्या लेखांत या नगराचे नाव श्रीस्थानक असे येते. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ च्या सप्टेंबरात इथूनच निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून त्यांना पळण्याचा बेत कळवला, अशी आख्यायिका आहे आणि ती सांगितली की मुले हमखास खूश होतात. पण कारागृह चालू आहे, सामान्य माणसाला आत प्रवेश नाही. दाखवायला उरते ती बाहेरची भिंत, वाहनांचा गोंगाट आणि थांबलो तर हटकणारा पहारा. म्हणून मी समोरच्या पदपथावरून चालता चालता दोन मिनिटांत हे सारे उरकत असे.

त्या दिवशीही मी उरकून पुढे निघाले होते. मागे वळून पाहिले तर दहाच जण माझ्याबरोबर होते. अकराव्या, म्हणजे निळ्या काठाची सुती साडी नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या काकू, भिंतीकडे तोंड करून, चपला काढून उभ्या होत्या. पायाखाली उन्हाने तापलेली फरशी होती आणि बाजूने दुचाक्या जात होत्या. पहाऱ्यावरचा शिपाई त्यांच्या दिशेने येताना मला दिसला, म्हणून मी धावत परत गेले. त्याने काय हवे आहे असे विचारले, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "काही नको बाबा. आमच्याकडची तीन मुलं इथे गेली. नमस्कार करते आणि निघते." शिपायाने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि तो म्हणाला, "फोटो काढू नका. उभं राहायला हरकत नाही, पण सावलीत या."

ती तीन मुले म्हणजे अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या संतापातून २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी या भिंतीच्या आत तिघांना फाशी देण्यात आले. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांच्याही आधी, २ मे १८४८ रोजी, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना याच कारागृहात फाशी दिली गेली होती. ही नावे आणि या तारखा मला पाठ होत्या, वहीत लिहिलेल्या होत्या. पण नऊ वर्षांत एकदाही मी इथे माणसांना थांबवले नव्हते.

काकू नाशिकच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी विचारले, "ताई, खाडी इथून किती लांब आहे?" मी म्हटले, "दहा-बारा मिनिटं, पण तिथे पाहण्यासारखं काही नाही." हे मी अगदी मनापासून म्हटले. खाडी दाखवायचीच असेल तर मी लोकांना ऐरोलीच्या बाजूने नेते. तिथे २०१५ साली जाहीर झालेले फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे, होडीतून जाताना गुलाबी पक्ष्यांचे थवे दिसतात आणि पाहुणे खूश होऊन परततात. कळवा पुलाखालची खाडी मी कधी कुणाला दाखवली नव्हती. तिचा वास, काठावर अडकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या आणि तिवरांच्या मुळांत गुंतलेले प्लास्टिक मला पाहुण्यांपुढे उघडे करायचे नव्हते.

काकूंनी खांद्यावरच्या पिशवीतून एक तांब्याचा गडू काढला. त्याच्या तोंडावर झाकण, झाकणावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर दोऱ्याचे सात-आठ घट्ट वेढे होते. गडू इतका घासलेला होता की त्यात आमच्या दोघींचे चेहरे दिसत होते. त्या म्हणाल्या, "अस्थी आमच्या रामकुंडात येतात, ताई. कुठून कुठून लोक घेऊन येतात. या पोरांचे देह घरच्यांना दिले नाहीत. पोलिसांनी इथे खाडीच्या काठी जाळले. त्यांच्या अस्थी काही कुंडात आल्या नाहीत. मग म्हटलं, कुंडाचं पाणीच तिकडे न्यावं."

यावर मी काय बोलणार होते? आम्ही खाडीकडे निघालो. सगळे आनंदाने निघाले असे मात्र नाही. एका गृहस्थांनी, आपण तलाव आणि नौकाविहारासाठी आलो आहोत, असे दोनदा ऐकवले. त्यांच्या गुडघ्यांना चालणे सोसत नव्हते, हेही खरे होते. एका रिक्षावाल्याने जवळचे भाडे म्हणून नकार दिला, दुसऱ्याने तिघांना नेले. पूल दिसू लागताच वास आला आणि दोघींनी पदर नाकाला लावला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी सारखी, इथे पूर्वी असे नव्हते, अशा अर्थाचे काही तरी बोलत होते, आणि पूर्वी इथे कसे होते हे मी स्वतः पाहिलेले नव्हते.

काठावर एक वयस्कर कोळी बांधव जाळे शिवत बसले होते. काकूंनी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो हा, की पाणी आता कुठे चालले आहे. ते म्हणाले, "आता भरती हाय. पानी वर चाललंय. एक वाजून गेल्यावर फिरंल." काकू म्हणाल्या, "मग आपण थांबू. पाणी समुद्राकडे गेलं पाहिजे." तेव्हा बारा वाजायचे होते.

तो एक तास मला फार जड गेला. मिसळीच्या ठिकाणी मी आधी सांगून ठेवले होते, ग्रंथसंग्रहालयापुढे थांबण्याची वेळ हुकणार होती, आणि नऊ वर्षांत माझ्या फेरीचा कार्यक्रम असा कधी विस्कटला नव्हता. माझी चिडचिड काकूंच्या लक्षात आली असावी. त्यांनी मला शेजारी बसवून घेतले, डब्यातली चिवड्याची पुरचुंडी पुढे केली आणि मी कुठली, घरी कोण कोण असते, उदगीरला आता कोण असते, असे साधे प्रश्न विचारले. मी सांगत गेले. कळव्याला राहत असताना चार वर्षे रोज दोनदा लोकलने मी हीच खाडी ओलांडली होती. दारात उभे राहायला जागा मिळाली तरी मी पाण्याकडे पाहिले नव्हते. १८५४ साली रेल्वे कल्याणपर्यंत वाढली तेव्हा या खाडीवर बांधलेल्या पुलाविषयी मी शेकडो लोकांना सांगितले होते. पुलाखालच्या पाण्याला भरती कधी असते आणि ओहोटी कधी, हे मला ठाऊक नव्हते. काकूंनी ऐकून घेतले. त्या एवढेच म्हणाल्या, "आम्हीही सकाळी गाडीतून इथूनच आलो की. ठाणं आलं म्हणून सगळे बॅगा काढण्यात गुंतले होते. कुणी बाहेर पाहिलं नाही."

बसल्या जागी हळूहळू बरेच काही दिसू लागले. पाणी काळपट होते, पण त्याच्या कडेला चिखलावर लहान खेकडे तिरके पळत होते. दोन बगळे एकाच जागी ध्यान लावून उभे होते. वरून लोकल गेली की पुलाचा दणदणाट अंगात उतरत होता आणि ती गेल्यावर तिवरांतून पक्ष्यांचे आवाज पुन्हा येत होते. कोळीदादांनी वडिलांच्या वेळी इथे कोणती मासळी मिळत असे ती नावे सांगितली. नौकाविहारासाठी आलेले ते गृहस्थ त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि जाळ्याची वीण कशी घालतात ते बराच वेळ विचारत राहिले.

पावणेएकनंतर पाणी थबकल्यासारखे झाले. वर चाललेली एक झेंडूची माळ एका ठिकाणी थांबली, जागच्या जागी थोडी फिरली आणि सव्वाच्या सुमारास हळूहळू उलट्या दिशेने, पुलाखालून समुद्राच्या बाजूला निघाली. कोळीदादा म्हणाले, "लागली ओहोटी." काकूंना खाली उतरता येईना, कारण पायऱ्यांवर शेवाळ होते. मी त्यांचा दंड धरला, दुसऱ्या बाजूने कोळीदादांनी धरला. शेवटच्या कोरड्या पायरीवर बसून त्यांनी दोऱ्याचा एक एक वेढा सोडला. घाई केली नाही की दोरा तोडला नाही. मग तिघांची पूर्ण नावे, वडिलांच्या नावासह, शाळेत हजेरी घेतात तशी स्पष्ट उच्चारली आणि गडूतले पाणी पाण्याला टेकवून सोडले. स्वच्छ पाणी क्षणभर काळ्या पाण्यात वेगळे दिसले. नाकाला पदर लावलेल्या दोघींनी तो केव्हा काढला होता ते माझ्या ध्यानात आले नाही.

रिकामा गडू काकूंनी तिथे विसळला नाही. तसाच झाकण लावून पिशवीत ठेवला. मिसळ खायला आम्ही तीननंतर पोहोचलो आणि तोवर गर्दी ओसरलेली होती. ग्रंथसंग्रहालय राहून गेले. तलावावर संध्याकाळी फक्त चहा झाला. परतीच्या पंचवटीला पोहोचवायला गेले तेव्हा काकूंनी खिडकीतून माझा हात धरला आणि पुढच्या वेळी भिंतीपाशी दोन मिनिटांहून जास्त थांब, असे बजावले. त्या तोवर मला अगं-तुगं करू लागल्या होत्या.

आता माझी फेरी कारागृहाच्या भिंतीपाशी पाव तास थांबते आणि तिथून खाडीवर जाते. शनिवारी रात्री मी भरती-ओहोटीची वेळ पाहून ठेवते आणि त्यानुसार देऊळ आधी की खाडी आधी ते ठरवते. काहींना हा बदल आवडत नाही. सुटीच्या दिवशी हा वास कशाला, असे एका कुटुंबाने मला तोंडावर सांगितले आणि ते अर्ध्यावरून परत गेले. त्याचे मला वाईट वाटले, पण खाडी वगळावी असे वाटले नाही. परवाच्या रविवारी ओहोटी साडेअकराला लागणार होती. सहा जण आले होते, त्यांतल्या दोघांनी रुमाल नाकाला लावले होते. आम्ही पायरीवर बसून पाणी फिरेपर्यंत थांबलो.