पिवळा दिवा आणि चौदा पौंडांची कडी

सिग्नलपाशी व्हॅन जवळजवळ थांबत आलेली असताना ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरू लागले आणि बोनेटच्या बाजूने करकर असा आवाज आला, तेव्हा रस्त्यावर बर्फ नव्हते, पाणी नव्हते आणि मागे ठेवलेल्या जेवणाच्या डब्यांखेरीज गाडीत ओझेही नव्हते. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, जागे होण्यासारखे तिथे काहीच घडले नव्हते. तरीही ते जागे झाले, आणि गाडी नेहमीपेक्षा हातभर पुढे जाऊन थांबली. पुढचे चार दिवस हेच होत राहिले आणि पाचव्या दिवशी डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा लागला तो विझेना.

लेस्टरमध्ये आमचा घरगुती डब्यांचा छोटा व्यवसाय आहे आणि तो २००४ सालच्या एका डिझेल व्हॅनवर चालतो. आपल्याकडे असा दिवा लागला, तरी ब्रेक लागत आहेत ना, मग चालू द्या, असे म्हणणारे पुष्कळ जण भेटतात. ब्रिटनमध्ये तसे चालत नाही. तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दर वर्षी एमओटी नावाची तपासणी होते, आणि एबीएसचा दिवा लागलेला असेल तर तो गंभीर दोष धरून गाडी नापास केली जाते. दिव्याचा बल्ब काढून टाकण्याची पळवाटही उपयोगाची नाही, कारण चावी फिरवल्यावर तो दिवा क्षणभर लागून विझतो की नाही, हेही तपासनीस पाहतो. आमची एमओटी सहा आठवड्यांवर आली होती.

जवळच्या एका गॅरेजने संगणक जोडून, गाडीत नोंदलेला बिघाडाचा कोड वाचून दहा मिनिटांत निदान केले: एबीएसचे संपूर्ण युनिट, म्हणजे पंप, व्हॉल्व्ह आणि त्यावरचा संगणक, बदलावे लागेल, खर्च १,२४० पौंड. व्हॅनची बाजारातली किंमत त्याहून फार जास्त नव्हती. मी कोणताही निर्णय न घेता घरी आले आणि कोल्हापूरला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी चाळीस वर्षे गॅरेज चालवले आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अगं, त्यांनी चाक फिरवून बघितलं काय? नुसता कोड वाचून पार्ट सांगितला असंल तर त्यो अंदाज झाला, निदान न्हवं."

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण जुन्या गाडीच्या एबीएसमध्ये खरा पैसा अंदाजांवरच जातो. १९७८ साली बॉशची ही यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लास गाड्यांत आली, तेव्हापासून तिचे मूळ तत्त्व बदललेले नाही. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो आणि चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी कडी असते. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. कडीचा एकेक दात समोरून सरकला की वेटोळ्यात विजेचा एकेक ठोका उमटतो, आणि संगणक ते ठोके मोजून चाकाचा वेग ठरवतो. एखाद्या चाकाचा वेग बाकीच्यांच्या मानाने एकदम घसरला, तर ते चाक जाम होत आहे असे समजून संगणक त्या चाकाच्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो. त्यामुळे संगणकात उमटलेला कोड हा एका संपूर्ण वाटेविषयी बोलत असतो: कडी, सेन्सर, वायर, जोड आणि मग युनिट. त्यातला नेमका कोणता भाग बिघडला आहे, हे तो सांगत नाही.

मी आधी ४५ पौंडांचा कोड वाचणारा स्कॅनर घेतला. इथे एक सावधगिरी सांगते. अगदी स्वस्त मिळणारे बहुतेक स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात, एबीएसपर्यंत पोहोचतच नाहीत. तेव्हा आपल्या गाडीचे एबीएस तो वाचतो का आणि चालत्या गाडीत चारही चाकांचे वेग दाखवतो का, हे पाहूनच घ्यावा. आमच्या स्कॅनरवर एकच कोड आला: उजवे पुढचे चाक, संकेत अनियमित. पंपाचा किंवा युनिटचा एकही कोड नव्हता.

त्यानंतर फुकट होणाऱ्या गोष्टी आधी केल्या. बॅटरीचा व्होल्टेज पाहिला, कारण कमजोर बॅटरीनेही हा दिवा लागू शकतो. फ्यूज पाहिले, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. मग मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, पुढची उजवी बाजू जॅकने उचलून आणि स्टँडवर टेकवून चाक काढले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातही घालू नये, हे मामांनी त्या कॉलवर तीनदा बजावले होते. सेन्सरचा जोड सोडवून मल्टीमीटरने रोध मोजला तर १,१२० ओहम आला, आणि उरलेल्या तिन्ही चाकांचे आकडेही त्याच्या आसपासच होते. वायर हाताने हलवत, वाकवत मोजले, तरी आकडा ढळला नाही. याचा अर्थ सेन्सरचे वेटोळे तुटलेले नव्हते आणि तिथपर्यंतची वायरही शाबूत होती. त्या क्षणी नवा सेन्सर मागवला असता तर ते पैसे पाण्यात गेले असते.

ही रोध मोजण्याची पद्धत फक्त जुन्या, वेटोळ्याच्या सेन्सरला लागू पडते. नंतरच्या अनेक गाड्यांत सेन्सरमध्येच इलेक्ट्रॉनिक सर्किट असते आणि दातेरी कडीऐवजी बेअरिंगच्या सीलमध्ये बसवलेली चुंबकीय पट्टी असते. तिथे ओहमचा आकडा काहीच सांगत नाही. अशा गाडीत बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला, तर चुंबकीय पट्टीची बाजू उलटी बसली असण्याची शंका सर्वांत आधी घ्यावी.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता मोकळा असताना, नवऱ्याने व्हॅन ताशी दहा मैलांवर चालवली आणि मी शेजारी बसून स्कॅनरवर चारही वेगांच्या रेषा पाहत राहिले. तीन रेषा सरळ होत्या. चौथी ठरावीक अंतराने खाली झेपावून परत वर येत होती. वायर सैल असती तर ही रेष खड्ड्यांवर, वळणांवर, कशीही तुटली असती. ठरावीक अंतराने येणारी खोट म्हणजे फिरणाऱ्या वस्तूतली खोट.

मग पुन्हा चाक उतरवले, विजेरी घेतली, कडीवर खडूने खूण केली आणि एकेक दात पाहत हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, हाताने फिरवायला सुरुवात केली. अर्धा फेरा झाल्यावर ती दिसली. दोन दातांच्या मधोमध केसासारखी बारीक, तिरपी रेष होती, आणि तिथली खाच शेजारच्या खाचांपेक्षा किंचित रुंद दिसत होती. नखाने टोकले तेव्हा कडीखालून गंजाचा एक पोपडा सुटून तळहातावर पडला. कडी गरम करून शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, घट्ट बसवलेली असते. तिच्याखाली गंज धरला की तो फुगतो, कडीला आतून ताणतो आणि एके दिवशी ती तडकते. तड्यापाशी दोन दातांतले अंतर वाढले की तिथे पुढचा ठोका उशिरा पडतो, संगणकाला वाटते की चाक एकाएकी मंदावले, आणि तो नको असताना ब्रेक सोडतो. सिग्नलपाशी चार दिवस हेच होत होते.

हा गंज इथल्या हिवाळ्याची देणगी आहे. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून थंडीभर खनिज मीठ पसरतात, त्यातले पुष्कळसे चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येते, आणि ते खारे पाणी चाकामागच्या प्रत्येक फटीत शिरते. या मिठामुळे रस्त्यावर माणसे वाचतात, त्यामुळे त्याविषयी माझी तक्रार नाही. पण हिवाळा संपताच गाडीचा खालचा भाग साध्या पाण्याने नीट धुऊन घेणे आता मी चुकवत नाही.

नवी कडी १४ पौंडांना मिळाली. ती घेताना दातांची संख्या आणि आतला व्यास जुन्या कडीशी जुळलाच पाहिजे, एक दात कमी-जास्त असला तरी संगणकाला त्या चाकाचा वेग कायम चुकीचा दिसतो. ती बसवण्याचे काम मात्र मी स्वतः केले नाही. त्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट बाहेर काढावा लागतो आणि हबचा मोठा नट नेमक्या जोराने आवळावा लागतो. ते काम एका लहान गॅरेजमधल्या अनुभवी मेकॅनिकने ९० पौंडांत केले. त्यांनी जुनी कडी छिन्नीने फोडून काढली, शाफ्टवरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासला आणि तापवलेली नवी कडी अलगद सरकवून बसवली. हबचा नट नवाच घातला, त्याचे ६ पौंड झाले. स्कॅनर धरून सगळा खर्च १५५ पौंड आला.

युनिट खरोखरच बिघडलेले असते, तरीही नवे घेणे हा एकच मार्ग नव्हता. ते उघडून आतले सुटलेले सोल्डरचे टाके पुन्हा जोडून देणारे कारागीर इथे आहेत आणि नव्या युनिटच्या मानाने त्यात बरीच बचत होते. भंगारातून आणलेले युनिट स्वस्त दिसते, पण पुष्कळ गाड्यांत ते त्या गाडीच्या संगणकाशी जुळवून घ्यावे लागते, आणि त्यात आलेली हवा काढायलाही अनेकदा योग्य स्कॅनर लागतो. काटकसर करावी ती निदानाच्या बाबतीत अंदाज टाळून. ब्रेक पॅड, होज आणि ब्रेक ऑइल यांत ती करू नये. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल, तर गाडी तिथेच उभी करावी.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना आणि १२५ सीसीवरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले, म्हणजे त्या वेळच्या गाड्या आता हळूहळू जुन्या होत आहेत. मामा सांगतात की तिकडे त्यांना मीठ नव्हे तर उंदीर भेटतात: पावसाळ्यात बोनेटखाली शिरून वायर कुरतडतात आणि गिऱ्हाईक येते ते नवा सेन्सर हातात घेऊनच. शोधण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे.

काम झाल्यावर एका ओल्या, रिकाम्या आवारात ताशी वीस मैलांवरून मी पूर्ण जोराने ब्रेक दाबला. पेडल थरथरले, पण या वेळी थरथरायलाच हवे होते, आणि व्हॅन सरळ रेषेत थांबली. दिवा चावीबरोबर लागला, विझला आणि पुन्हा लागला नाही; एमओटी पहिल्या फेरीत पार पडली. डावी कडी मी त्याच दिवशी विजेरीने तपासून घेतली होती. तिला तडा नाही, पण खाली गंजाची कड दिसू लागली आहे. एमओटी मुदतीच्या साधारण महिनाभर आधी करून घेतली तरी पुढची तारीख तीच राहते, त्यामुळे पुढच्या वर्षी ती लवकर करायची आणि त्याआधी डावी कडी बदलून घ्यायची, असे ठरवून ती मागवून ठेवली आहे.