बेलग्रेडचे 'माराकाना' आणि रेड स्टारचे विक्रम: पाच दिवसांचा वृत्तांत

रेड स्टार बेलग्रेड या सर्बियातील फुटबॉल क्लबची आणि माझी ओळख 1990 च्या विश्वचषकात झाली. स्पेनविरुद्ध युगोस्लाव्हियाचे दोन्ही गोल करणारा ड्रागान स्तोय्कोविच दूरदर्शनवर पाहिला, पुढे वर्तमानपत्रात त्याच्या क्लबचे नाव वाचले आणि ते नाव मनात घर करून राहिले. त्या क्लबचे मैदान प्रत्यक्ष पाहण्याचा योग यायला मात्र तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. मी आणि माझा सतरा वर्षांचा मुलगा असे दोघेच सप्टेंबरात पाच दिवस बेलग्रेडला राहून आलो. आमच्यामागून जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत लिहीत आहे.

आधी नावाविषयी. बेलग्रेडमध्ये या क्लबला कोणी रेड स्टार म्हणत नाही. तिथले नाव 'च्र्वेना झ्वेझ्दा', आणि रोजच्या बोलण्यात नुसते 'झ्वेझ्दा', म्हणजे तारा. यातला 'च' चुलीतला आहे, चंद्रातला नाही. आणि 'झ' झाडातला आहे. हे दोन्ही उच्चार आपल्या जिभेवर लहानपणापासून असल्यामुळे मराठी माणसाला हे नाव पहिल्या प्रयत्नात नीट म्हणता येते, आणि ते नीट म्हटले की समोरच्याचा चेहरा खुलतो, हा आम्हाला पाचही दिवस आलेला अनुभव आहे.

भारतीय पारपत्रधारकांना सर्बियात विनाव्हिसा मिळणारा प्रवेश 1 जानेवारी 2023 पासून बंद झाला आहे. ज्यांच्याकडे शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा आहे त्यांना वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. इतरांनी तो आधी काढावा, आणि नियम बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी दिल्लीतील सर्बियन दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. मुंबईहून दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे विमाने मिळतात. देशात आल्यावर 24 तासांत परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेल ती स्वतः करते, परंतु कोणाच्या घरी किंवा भाड्याच्या सदनिकेत उतरणार असाल तर घरमालकाला त्याची आठवण करून द्यावी आणि नोंदीचा कागद मागून घ्यावा. चलन दिनार आहे. शहरातील बस, ट्राम आणि ट्रॉलीबसचा प्रवास जानेवारी 2025 पासून विनामूल्य असल्यामुळे तिकिटांची कटकट नाही. विमानतळावरून 72 क्रमांकाची बस झेलेनी वेनात्स या मध्यवर्ती ठिकाणी आणून सोडते.

क्लबचे मैदान पाहायचे तर स्लाविया चौकातून पायी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. वाटेत संत सावाचे भव्य मंदिर (ऑर्थोडॉक्स चर्च) लागते, तिथून उतार धरून आपण आउतोकोमांदा या मोठ्या चौकात येतो आणि तो ओलांडला की लाल-पांढऱ्या रंगांची भित्तिचित्रे दिसू लागतात. अर्ध्या तासाची ही चाल आहे. मैदानाचे अधिकृत नाव 2014 पासून 'राइको मितिच स्टेडियम' असे आहे, पण सर्वांच्या तोंडी नाव आहे ते 'माराकाना', रिओच्या प्रसिद्ध मैदानावरून पडलेले. 1963 मध्ये हे मैदान सुरू झाले. बाहेरून ते फारसे उंच वाटत नाही, त्यामुळे प्रथमदर्शनी माझा मुलगा थोडा हिरमुसला. आत गेल्यावर मात्र रस्त्याच्या पातळीच्या कितीतरी खाली, विहिरीच्या तळाशी असावी तशी हिरवळ दिसली आणि तो बराच वेळ काही बोलला नाही. आज येथे पन्नास हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक बसू शकतात. पूर्वी, बहुतांश लोक उभ्याने सामना पाहत त्या काळात, 1975 साली कप विनर्स कपच्या, म्हणजे युरोपातील राष्ट्रीय कप विजेत्यांच्या स्पर्धेच्या, उपांत्य सामन्यात हंगेरीच्या फेरेन्त्सवारोशविरुद्ध 96,070 तिकिटे विकली गेली होती आणि प्रत्यक्षात आत एक लाख दहा हजारांच्या आसपास लोक असल्याचा अंदाज सांगतात. त्या दिवशी सामना 2-2 असा सुटला आणि अंतिम फेरीत हंगेरीचा संघ गेला, तरी गर्दीचा तो विक्रम कायम आहे. 1973 च्या युरोपियन कपचा (म्हणजे आजच्या चॅम्पियन्स लीगचा) आणि 1976 च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना याच मैदानावर झाला. चेकोस्लोव्हाकियाच्या पानेंका याची ती प्रसिद्ध अलगद पेनल्टी इथलीच.

क्लबचे संग्रहालय याच वास्तूत आहे. सामन्याच्या दिवशी ते पाहण्याचा बेत करू नये. आदल्या दिवशी शांतपणे यावे, आणि त्या दिवसाच्या वेळा क्लबकडे विचारून मगच निघावे. दालन फार मोठे नाही, परंतु चषकांची दाटी इतकी आहे की काय पाहायचे हे मनात ठरवून न गेल्यास माणूस गोंधळून जातो. आम्ही प्रथम संपूर्ण फेरी मारली आणि मग तीनच गोष्टींपाशी वेळ घालवला.

पहिली गोष्ट म्हणजे 'ताऱ्यांचे तारे'. क्लबने आपल्या इतिहासातील पाच खेळाडूंना हा मान दिला आहे: राइको मितिच, ड्रागोस्लाव शेकुलारात्स, ड्रागान जाइच, व्लादिमिर पेत्रोविच 'पिझोन' आणि ड्रागान स्तोय्कोविच 'पिक्सी'. सहावा तारा एका व्यक्तीला न देता 1991 च्या संपूर्ण संघाला दिलेला आहे, हे मला फार आवडले. क्लबकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम डावखुऱ्या जाइचचा, तर सर्वाधिक गोलांचा बोरा कोस्तिचचा: 341 सामन्यांत 230 गोल. इतके गोल करूनही कोस्तिचला त्या पाचांत स्थान नाही, याची मला अजूनही चुटपुट वाटते.

दुसरी गोष्ट अर्थातच 1991 चा युरोपियन कप. क्लबची स्थापना 4 मार्च 1945 रोजी, महायुद्ध संपायच्याही आधी झाली. त्यानंतर युगोस्लाव्हियाच्या लीगची 19 विजेतेपदे त्याने मिळवली, शहरातील प्रतिस्पर्धी पार्टिझानपेक्षा आठ अधिक. 1979 मध्ये यूएफा कपच्या अंतिम फेरीत बोरुसिया म्योनशनग्लाडबाखकडून हार पत्करावी लागली होती. 1990-91 च्या मोसमात मात्र ग्रासहॉपर, रेंजर्स, डायनामो ड्रेस्डेन आणि बायर्न म्युनिक अशा चौघांना मागे टाकत हा संघ नऊ सामन्यांत एकदाही न हरता विजेता झाला. बायर्नविरुद्धचा उपांत्य फेरीचा परतीचा सामना 24 एप्रिल 1991 रोजी माराकानावर झाला. म्युनिकमध्ये 2-1 असा विजय मिळवून आलेला संघ घरच्या मैदानावर 1-2 असा मागे पडला होता, लढत जादा वेळेत जाणार असे दिसत होते, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला सिनिशा मिहायलोविचने डावीकडून टाकलेला चेंडू अडवताना बायर्नच्या आउगेंथालरच्या पायाला लागून तो उंच उडाला व गोलरक्षकाला चकवत जाळ्यात गेला. संग्रहालयातून बाहेर येऊन आम्ही त्याच विहिरीच्या काठावर उभे राहिलो, तेव्हा मुलाने मला विचारले, 'बाबा, तो चेंडू कोणत्या बाजूच्या गोलमध्ये गेला?' मला सांगता आले नाही. जाणाऱ्यांनी त्या सामन्याचे चित्रण आधी एकदा पाहून जावे, ही माझी कळकळीची सूचना आहे.

अंतिम सामना 29 मे रोजी इटलीतील बारी येथे फ्रान्सच्या मार्से क्लबविरुद्ध झाला. प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच यांनी बचावाचा मार्ग पत्करला आणि 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही. पेनल्टींमध्ये मार्सेच्या आमोरोसचा पहिलाच फटका आपल्या गोलरक्षक स्तोयानोविचने अडवला; प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहायलोविच आणि पांचेव या पाचही जणांनी आपापले गोल केले आणि कप 5-3 असा बेलग्रेडला आला. ज्याच्यामुळे मी या क्लबकडे वळलो तो स्तोय्कोविच त्या दिवशी समोरच्या संघात होता. 1990 च्या उन्हाळ्यात तो मार्सेकडे गेला होता, जादा वेळेच्या अखेरीस तो बदली खेळाडू म्हणून उतरला, परंतु जुन्या क्लबविरुद्ध पेनल्टी मारायला त्याने नकार दिला. हे मी पुष्कळदा वाचले होते, पण तो चषक हातभर अंतरावर पाहताना त्या नकाराचे वजन खऱ्या अर्थाने जाणवले.

त्या संघात पांचेव मॅसेडोनियाचा, सावीचेविच माँटेनेग्रोचा, प्रोसिनेच्की क्रोएशियाचा खेळाडू आणि बेलोदेदिच रुमानियातून पळून आलेला सर्ब वंशाचा बचावपटू होता; 1986 मध्ये स्टेआऊआ बुखारेस्टकडून हाच कप जिंकलेला असल्यामुळे दोन वेगळ्या क्लबांकडून अंतिम सामना खेळून तो जिंकणारा बेलोदेदिच पहिला खेळाडू ठरला. बारीच्या विजयानंतर महिनाही झाला नव्हता तोच स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि देश फुटायला लागला. पुढच्या मोसमात युरोपच्या या विजेत्याला आपले 'घरचे' सामने सेगेद, बुडापेस्ट आणि सोफिया येथे खेळावे लागले. तरीही 8 डिसेंबर 1991 रोजी टोकियोत चिलीच्या कोलो-कोलोला 3-0 असे हरवून त्यांनी युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला इंटरकाँटिनेंटल कप जिंकला. सावीचेविचला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी, युगोविचच्या दोन आणि पांचेवच्या एका गोलाच्या बळावर. त्यानंतर पूर्व युरोपातील एकाही क्लबला युरोपियन कप जिंकता आलेला नाही. हे सगळे चषक एकाच कपाटाजवळ उभे राहून पाहताना, एका वर्षात एवढे मिळवून एवढे गमावलेला दुसरा क्लब मला आठवेना.

तिसरी गोष्ट अलीकडची आहे. देयान स्तांकोविचच्या मार्गदर्शनाखाली 2020-21 च्या सर्बियन लीगमध्ये या संघाने 38 पैकी 35 सामने जिंकले, 3 बरोबरीत सोडवले आणि एकही न गमावता 108 गुण मिळवले. जपमाळेतल्या मण्यांइतका हा आकडा तिथल्या लोकांना मुखोद्गत आहे. 2017-18 पासून 2024-25 पर्यंत लीगची सलग आठ विजेतेपदे आणि 2021 पासून 2025 पर्यंत राष्ट्रीय कपही सलग पाच वेळा, अशी ही कमाई आहे. देशातील लीग दुबळी झाली म्हणून हे घडले असे काही जण म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु नोव्हेंबर 2018 मध्ये याच मैदानावर मिलान पावकोव्हच्या दोन गोलांनी लिव्हरपूल 2-0 असे हरले, आणि तेच लिव्हरपूल त्या मोसमाचे युरोपियन विजेते ठरले. 2024 मध्ये श्टुटगार्ट इथून 5-1 असा मार खाऊन गेले. घरच्या प्रेक्षकांपुढे हा संघ वेगळाच असतो.

ते प्रेक्षक पाहायचे असतील तर सामन्याला जावेच. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत लीगला हिवाळी सुट्टी असते, तेव्हा प्रवासाची तारीख सामन्यांचे वेळापत्रक पाहून ठरवावी. तिकिटावर दिशांची नावे असतात: 'सेवेर' म्हणजे उत्तर, 'युग' दक्षिण, 'इस्तोक' पूर्व आणि 'झापाद' पश्चिम. सेवेर हे 'देलिये' या कट्टर समर्थकांचे स्थान असून तिथे पूर्ण सामनाभर उभे राहून गायचे असते, आणि मोबाइल काढून चित्रण करणारा पाहुणा तिथे कोणालाच नको असतो. कुटुंबासह जाणाऱ्यांनी झापादचे तिकीट घ्यावे. पारपत्र जवळ ठेवावे. प्रवेशद्वारावर आमच्याकडील पाण्याची बाटली काढून घेतली गेली, तेव्हा आधीच पाणी पिऊन जावे. बहुतेक प्रेक्षागारावर छप्पर नाही, त्यामुळे ढग दिसले तर छत्रीऐवजी रेनकोट न्यावा. काळे-पांढरे कपडे, म्हणजे पार्टिझानचे रंग, चुकूनही घालू नयेत. पार्टिझानविरुद्धची लढत, जिला 'वेचिती देर्बी' म्हणजे शाश्वत लढत म्हणतात, पहिल्याच भेटीत मुलांना घेऊन पाहू नये असे माझे मत आहे. आम्ही लीगमधला साधा सामना पाहिला आणि तोही भरपूर होता.

खेळाडू मैदानात येतात तो लांबलचक बोगदा दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिलेला असतो. माझ्या लक्षात मात्र वेगळेच चित्र राहिले आहे. मैदानाबाहेर बायका कागदाच्या पुडीत सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया विकतात. आमच्या शेजारी बसलेले सत्तरीतले आजोबा एकेक बी दातांत फोडून साल पुढच्या पायरीवर टाकत होते. गोल झाला तेव्हा त्यांनी पुडी माझ्या मुलाच्या हातात दिली, दोन्ही हात वर करून उभे राहिले, आणि खाली बसल्यावर पुडी परत घेण्याऐवजी त्यातल्या बिया कशा फोडायच्या ते त्याला खुणेने शिकवले.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द फार उपयोगी आहे: 'पोस्नो'. ऑर्थोडॉक्स उपवासाला चालणाऱ्या पदार्थांना हा शब्द लावतात आणि त्यात मांस, दूध, अंडी नसतात. मासे मात्र चालतात, तेवढे विचारून घ्यावे. दूध चालत असेल तर 'पेकारा' म्हणजे बेकरीत चीज भरलेला बुरेक आणि गिबानित्सा गरमागरम मिळतात.

शेवटच्या दिवशी आम्ही हुम्स्का मार्गावरील पार्टिझानच्या मैदानाकडे गेलो. माराकानापासून ते चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. लाल-पांढरा मफलर पिशवीत ठेवून जावे. माराकाना बांधले जाण्यापूर्वी, 5 फेब्रुवारी 1958 रोजी, रेड स्टार आणि मँचेस्टर युनायटेड यांचा युरोपियन कपचा सामना इथे झाला होता. मध्यंतरापर्यंत युनायटेडने तीन गोलांची आघाडी घेतली होती, उत्तरार्धात कोस्तिचच्या दोन गोलांसह रेड स्टारने 3-3 अशी बरोबरी साधली, आणि दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर म्युनिकला विमान कोसळून युनायटेडचे आठ खेळाडू गेले. त्यांनी खेळलेली अखेरची हिरवळ ही. आम्ही कुंपणापाशी थोडा वेळ उभे राहिलो आणि परत निघालो. स्लावियाकडे जाताना चढ लागतो. पाऊण तास हाताशी ठेवावा.