माझा अनुभव: लिएज-बास्तोन्य-लिएज आणि ‘खेळ’ नावाचा चौकोन

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) फॉर्ममध्ये प्रवासाचा उद्देश विचारलेला असतो. पर्यटन, व्यवसाय, नातेवाइकांची भेट अशा चौकोनांच्या रांगेत ‘खेळ’ हाही एक चौकोन आहे. मी बेल्जियमला सायकल चालवायला निघाले होते, म्हणून त्यात खूण केली. त्या एका खुणेपायी माझा अख्खा मार्च गेला. अजूनही मी हा विषय काढला की घरातले एकेक करून दुसऱ्या खोलीत जातात.

बाकी सगळं सुरळीत झालं. ऑनलाइन नावनोंदणी, विमा (वैद्यकीय खर्चासाठी किमान 30,000 युरोंचं संरक्षण लागतं), बँकेचं स्टेटमेंट, ऑफिसचं रजेचं पत्र, यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढचा घोळ कळायला आधी हे लक्षात घ्या. लिएज-बास्तोन्य-लिएज ही बेल्जियममधली व्यावसायिक सायकलपटूंची एका दिवसाची शर्यत एप्रिलच्या उत्तरार्धात रविवारी होते. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, एकूण चढाई चार हजार मीटरच्या वर. तिच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्याच भागात हौशी लोकांसाठी ‘चॅलेंज’ असतं. पैसे भरायचे, तीनपैकी एक अंतर निवडायचं, सायकलला नंबर लावायचा आणि निघायचं. पहिला-दुसरा नाही, बक्षीस नाही, रस्ते बंद नसतात, लाल सिग्नलला मुकाट्याने थांबायचं. मी शनिवारवाली.

व्हिसा केंद्राच्या काउंटरवरच्या मुलाने माझी फाइल चाळली आणि विचारलं, “मॅडम, ही रेस आहे ना? मग फेडरेशनचं पत्र?”

“रेस रविवारी आहे. मी शनिवारी चालवणार आहे.”

“पण नाव तर तेच दिसतंय.”

नाव तेच होतं, हे खरं. मी समजावलं की रविवारी पंचवीसेक संघ येतात, एकेका संघात सात जण, त्यांना पगार असतो, मागे गाड्या असतात. त्यातली मी असते तर टोकन घेऊन इथे बसले असते का? तो म्हणाला, त्याच्या यादीत ‘खेळ’ या उद्देशापुढे ‘क्रीडा संघटनेचं पत्र’ असं लिहिलंय. म्हटलं, आयोजकांची नोंदणीची पावती आहे, पैसे भरल्याचा पुरावा आहे. तो म्हणाला, ते संघटनेचं पत्र नाही. मग ‘पर्यटन’ करू का? करा, पण मग कव्हर लेटरमध्ये सायकल कशाला? म्हणजे सायकल ठेवली तर पत्र हवं, आणि सायकल काढली तर मी एप्रिलमध्ये लिएजला नक्की काय बघायला चालले होते, ते सांगा.

वरिष्ठांना बोलावलं. ते आले, फाइल बंद असतानाच तिच्याकडे बघितलं, “बसा” म्हणाले आणि गेले. मी बसले. समोरच्या फलकावर टोकन नंबर पुढे सरकत होते. माझ्या मागून आलेलं हनिमूनचं एक जोडपं बोटांचे ठसे देऊन, फोटो काढून, हसत बाहेरही पडलं. ग्रुपवर मेसेज टाकला तर मित्राचं उत्तर, “अगं, सरळ फ्रान्सकडून काढायचा होतास!” सगळे मुक्काम बेल्जियममध्ये असताना फ्रान्सकडून का काढायचा? जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, असा साधा नियम आहे.

यावरून आठवलं, हे लिहून ठेवा. त्या आठवड्यात लिएजमधली हॉटेलं भरतात. मग लोक मास्त्रिख्तला राहतात, ट्रेनने अर्ध्या तासावर आहे. पण मास्त्रिख्त नेदरलँड्समध्ये. तिथल्या रात्री जास्त झाल्या तर तुमचा अर्जच चुकीच्या देशाकडे गेला. मुक्काम आधी ठरवा, मग अपॉइंटमेंट.

शेवटी वरिष्ठ परत आले आणि फाइल घेता येणार नाही म्हणाले. तेव्हा मात्र माझा आवाज चढला. केंद्राचं काम कागद गोळा करून पुढे पाठवण्याचं, निर्णय वकिलातीचा. एखादा कागद कमी आहे असं त्यांना वाटत असेल तर तशी नोंद करून, अर्जदाराची सही घेऊन फाइल पाठवता येते. हे मी वाचून गेले होते, म्हणून टिकले. “नोंद करा, मी सही करते,” एवढं एकच वाक्य धरून बसले. मग ड्रॉवरमधून एक छापील कागद निघाला, म्हणजे तशी सोय मुळातच होती. सकाळपासून तो कागद तिथेच पडून होता, याचा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर रोज ट्रॅकिंग बघायचं आणि रोज तेच वाक्य वाचायचं, अर्ज प्रक्रियेत आहे. साधारणपणे पंधरा दिवसांत निर्णय होतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा एप्रिलसाठी जानेवारीतच करा. एक दिवस वकिलातीकडून सभ्य शब्दांत ईमेल आला, कार्यक्रमातली तुमची भूमिका स्पष्ट करा.

मी केली स्पष्ट, पानभर. लिहिलं की ही सायकलिंगच्या पाच मोठ्या एकदिवसीय शर्यतींतली सर्वांत जुनी, 1892 मध्ये सुरू झालेली. पहिली शर्यत हौशी लोकांचीच होती. स्पा नावाच्या गावाहून बास्तोन्यला जाऊन परत, सुमारे 250 किलोमीटर. निघाले 33, पोचले 17. लिएजचाच लेओं उआ पावणेअकरा तासांहून जरा जास्त वेळ घेऊन जिंकला, आणि पुढची दोन वर्षंही तोच. व्यावसायिकांना प्रवेश मिळाला तो 1894 मध्ये. बास्तोन्य का, तर तिथे रेल्वे जात होती. पंचांना गाडीने पुढे जाऊन, कोण खरंच तिथवर आलं याची नोंद करता यायची. म्हणजे ही शर्यत कुठून वळणार हेसुद्धा कागदपत्र तपासणाऱ्यांच्या सोयीने ठरलं. (हे वाक्य पत्रात नव्हतं, मनात होतं.) शेवटी लिहिलं की मी 1892 च्या परंपरेतली आहे, फक्त माझी वेळ कोणी नोंदवणार नाही.

पासपोर्ट आला. व्हिसावर तारखा होत्या, दिवसांची संख्या होती. ‘खेळ’ नाही आणि ‘पर्यटन’ही नाही. उद्देशाचा उल्लेखच नव्हता.

लोक विचारतात, कुठल्या चौकोनात खूण करू? बरेच जण ‘पर्यटन’ करतात आणि त्यांचं काम होतं. मी पुन्हा ‘खेळ’च करीन. पण काहीही करा, कव्हर लेटरच्या पहिल्याच ओळीत ‘हौशी सहभाग, स्पर्धा नाही’ असं लिहा आणि दोन्ही दिवसांच्या तारखा वेगवेगळ्या दाखवा.

आता रस्ता. लिएजहून दक्षिणेला बास्तोन्यपर्यंत मार्ग बराचसा सरळ जातो आणि फसवतो. जवळपास सगळे नावाजलेले चढ परतीच्या, जास्त लांबीच्या भागात आहेत. उफालीझच्या गावातून उठणारा सें-रॉक किलोमीटरभरच आहे, पण सरासरी 11 टक्के. पुढे स्ताव्हलोच्या आसपास वान, स्तोको, ओत-लव्हे हे एकापाठोपाठ येतात. स्तोकोवर बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्सचं स्मारक आहे, त्याने ही शर्यत पाच वेळा जिंकली. सिंहगडावर सराव केलेल्यांना वाटेल, किलोमीटरभराच्या चढाचं काय एवढं. सिंहगड एकदा चढला की संपतो. इथे उतरलात की पुढचा समोर उभा. छोट्या गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) लावून जा, लाज बाळगू नका.

आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. 1980 मध्ये बर्फ पडला, 174 पैकी 21 जण शेवटपर्यंत गेले. फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो नऊ मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला, पण त्याच्या दोन बोटांची संवेदना कायमची बिघडली. मला पाऊसही लागला नाही, तरी सकाळी ब्रेक दाबताना बोटं आखडली होती.

ला रदूत रमूशांजवळ हायवेच्या कडेने चढतो. दोन किलोमीटर, मधे कुठे कुठे 20 टक्क्यांच्या आसपास. रस्ताभर रंगाने ‘फिल, फिल, फिल’ लिहिलेलं असतं, ते याच भागातल्या फिलिप जिल्बेरसाठी, 2011 चा विजेता. शनिवारीच लोक कॅम्परव्हॅन लावून बसलेले होते आणि आमच्यासारख्या रखडणाऱ्यांनाही ओरडून ढकलत होते. मी उतरले नाही, हे इथे नोंदवून ठेवते. त्यानंतरचा रॉश-ओ-फोकों 2008 मध्ये मार्गात आला. तो नसता तरी चाललं असतं.

स्वतःची सायकल नेणार असाल तर पॅक करण्याआधी फ्रेम नंबरचा फोटो काढा आणि निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परत येताना महागड्या सायकलवर शुल्काचा प्रश्न येत नाही. मी तिथेच भाड्याने घेतली.

रविवारी लिएजमध्ये अखेरच्या टप्प्यावर उभी राहिले. 1992 ते 2018 शर्यत शेजारच्या आँस गावात चढावर संपायची, 2019 पासून पुन्हा शहरात सपाटीवर संपते. स्लोव्हेनियाचा सायकलपटू पोगाचार ला रदूतवर सुटला तो एकटाच आला, 2025 मधलं त्याचं ते तिसरं जेतेपद. पण मी जास्त ओरडले ती स्त्रियांच्या शर्यतीत. ती बास्तोन्यहून सुटते, 2017 पासून होते. चौघींच्या स्प्रिंटमध्ये किम ल कुर पुढे निघाली. मॉरिशसची! आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात तो देश, एवढ्यावर मी तिला आपली करून टाकलं. शेजारच्या बेल्जियन आजोबांनी विचारलं, तुम्ही तिच्या देशाच्या का? म्हटलं, नाही, मी काल आले होते याच रस्त्याने.