सोलापूरचे टॉवेल घेऊन दुबईच्या देरा बाजारात

नोव्हेंबरात चार दिवस दुबईला जाऊन आलो. सोबत टॉवेलचे बावीस नमुने होते. भारत आणि संयुक्त अरब अमिरातीचा सेपा हा व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू झाला आणि आपल्या टॉवेलवरची तिथली 5 टक्के ड्युटी, म्हणजे आयात शुल्क, गेली. आमच्या धंद्यात पाच टक्के म्हणजे कधीकधी अख्खा नफाच.

पण ही सूट आपोआप मिळत नाही. आमच्या पहिल्या खेपेला एजंटने ओरिजिनच्या दाखल्यावर, म्हणजे माल भारतातच बनल्याच्या दाखल्यावर, एक वर्णन टाकलं, बिलावर दुसरं. माल अडकला, ड्युटी भरावी लागली आणि गिऱ्हाइकाने ती आमच्याच पैशातून कापली. म्हणून सांगतो, दाखला डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरून निघतो. त्यावरचा एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा कस्टमचा क्रमांक), वजन, नगांची संख्या बिलाशी स्वतः ताडून बघा. सुती टेरी टॉवेलला हा कोड 6302.60. एजंटवर सोडू नका.

देरातल्या मुर्शिद बाजारला जायचं तर मेट्रोच्या ग्रीन लाइनने गोल्ड सूक स्टेशनला उतरा. सकाळी लवकर गाठा, दुपारी बरीच दुकानं बंद असतात. शनिवार-रविवार सरकारी कचेऱ्यांना सुट्टी, शुक्रवारी अर्धा दिवस. रमजानात जाऊ नका. खाडी ओलांडायला अब्रा नावाची होडी आहे, एका दिरहमात पलीकडे बर दुबईच्या कापडबाजारात पोचवते.

तिथल्या एका सिंधी शेठजींनी माझा 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा) टॉवेल चिमटीत धरून चोळला, मग पेल्यातलं पाणी त्यावर सांडलं. थेंब तसेच वर तरंगत राहिले. "धुलाके लाओ," एवढंच म्हणाले. नव्या टॉवेलवर फिनिशिंगचा थर असतो, पाणी शोषत नाही. नमुने दोनदा धुऊनच न्या. दुसऱ्या दिवशी हॉटेलवर धुतलेला नेला, तेव्हा कुठे भाव विचारला.

भाव दिरहममध्येच सांगा. रुपया-दिरहम व्यवहारासाठी दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांनी जुलै 2023 मध्ये करार केलाय, पण छोटे व्यापारी अजून दिरहमच धरतात. एकेकाळी या बाजारात आपला रुपयाच चालायचा, 1966 पर्यंत. शेठजींच्या वडिलांनी त्यात हिशेब लिहिलेत. ती लाल वही त्यांनी काढून दाखवली, तेव्हा मला खरंच भरून आलं.

माल न्हावाशेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात जातो. शेठजींची पहिली ऑर्डर दोनशे डझनांची आहे. दाखला या वेळी मी स्वतः भरतोय.